धाब्यावरून दिलेलं नाव

माझ्या थोरल्याच्या बारशाच्या दिवशी, पहाटे कोणी उठायच्या आत, मी घरातली निसण कडब्याच्या गंजीत लपवली. बाराव्या दिवसाची बाळंतीण, कानाला फडकं बांधलेलं, अंगाला शेगडीच्या धुराचा वास, आणि बांबूची ती शिडी ओढत अंगणातून निघालेली. कोणी पाहिलं असतं तर वारं लागलं म्हणून मांत्रिक बोलावला असता, आणि बरंच झालं असतं. पण मी मराठी चौथी पास होते, बुलढाण्यात वाढलेली होते, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की खात्री होती. निसण गेली की आमच्या आत्याबाईंचा आवाजही गेला, असा माझा हिशेब.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. आमच्या गावातला एकही मुलगा त्यांच्या गळ्यातून गेल्याशिवाय माणसांत आला नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नागपूरच्या साहेबाचा हुकूम आमच्याकडे यायला महिने लागत. आत्याबाईंनी सकाळी ठेवलेलं नाव मात्र दुपारी अमडापूरच्या बाजारात पोचलेलं असे. कोणाकडेही मुलगा झाला की त्या बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या राहून नुसतं रडणं ऐकायच्या. पोर गोरं की काळं, कोणावर गेलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. किनऱ्या आवाजाचा असला तर महादेव, घोगरा असला तर गणपत, आणि मध्येच थांबून विचार करून रडणारा असला तर पुंडलिक. मग बारशाच्या दिवशी खाली पाळण्याभोवती बायका जमल्या की या बाई निसणीवरून धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढायच्या, पदर खोचायच्या, आणि ज्वारीच्या वावरापलीकडच्या मोटेच्या विहिरीकडे तोंड करून ते नाव हाकारायच्या. विहिरीजवळ निंबाखाली आमचे पिंजारीचाचा कापूस पिंजत बसलेले असत. त्यांच्यापर्यंत नाव पोचलं की ते धनुकली थांबवून ओरडत, "आ गया, बाई." तेव्हा कुठे खाली बाळाच्या कानात कुर्रर्र व्हायचं.

आत्याबाईंचं म्हणणं साधं होतं. "नाव कायले असते? वावरातून पोराले जेवाले बोलवाले. तिथवर गेलं नाही तं पोर उपाशी राहीन." नव्या धर्तीच्या नावांवर त्यांचा राग होता. पटवाऱ्याला आपल्या मुलाचं नाव प्रभाकर ठेवायचं होतं. आत्याबाईंनी प्रामाणिकपणे हाकारलं, पुन्हा हाकारलं, आणि पलीकडून चाचांचं उत्तर आलं, "किसकू बुलारे?" आत्याबाईंनी खाली वाकून निकाल दिला, "हे नाव घरातच वापरा. वावरात नेऊ नका." त्या मुलाला अजून लोक परभा म्हणतात. उलट, चाचांच्या मुलासाठी रहमान हे नाव त्यांनी हाकारलं तेव्हा त्यावर त्या स्वतःच इतक्या खूश झाल्या की आठवडाभर सगळ्यांना सांगत होत्या, "याच्यासारखं जाणारं नाव आपल्यात नाही."

ज्या घरात मुलं जगत नसत तिथे त्या उकंडा, म्हणजे उकिरडा, नाहीतर फकिरा असं ओबडधोबड नाव देत, म्हणजे दृष्ट लावणाऱ्यालाही लावावीशी वाटू नये. असाच एक उकंडा पुढे मिशा फुटल्यावर उंद्रीहून तक्रार घेऊन आला, की आत्याबाई, सासुरवाडीचे लोक नावाला हसतात. आत्याबाई सुपातली ज्वारी पाखडत म्हणाल्या, "हसू दे ना बावा. तू हायेस म्हणून तं हसून राह्यले."

अशा बाईंशी मी भांडण काढलं. मला मुलाचं नाव माधव ठेवायचं होतं. जुनं म्हणून जुनं, गोड म्हणून गोड. आत्याबाई म्हणाल्या, "ते जात नाही." मी म्हटलं, केशव जातो ना? गावात इतके केशव तुम्हीच पोचवलेत. मग केशव जातो आणि माधव कसा जात नाही? "नाही जात म्हणलं ना," एवढं बोलून त्या गोठ्याकडे निघून गेल्या. चौथी पास मुलीला एवढा अपमान पुरे होता. निसणीचं पुढचं तुम्हाला सांगितलंच.

बारशाला घर भरलं. घुगऱ्या झाल्या, पाळणा सजला, कानात 'माधव' म्हणायला मी पढवून ठेवलेली नणंद बाळाला मांडीवर घेऊन तयार. खिडकीतून मला आत्याबाई दिसत होत्या: गोठ्यात डोकावल्या, न्हाणीमागे पाहून आल्या, मग भिंतीला हात लावून वर धाब्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मी विजयी मुद्रेने सासूबाईंना म्हटलं, "त्यांना आतच बोलवा ना. सगळ्यांसारखं पाळण्याजवळ बसून सांगू देत की कानात."

सासूबाईंचा घुगऱ्यांचा हात थांबला. "तुले कोणं सांगतलं नाही का वं? लहानपणीच कपाळ गेलं तिचं. देशमुखाचं घर, आपल्यात पाट लावून दुसरं लगन करत नाहीत. पाळण्याजवळ तिले येता येत नाही. म्हणून यायनं तिले धाबं देल्लं. खाली बायका बसू दे, म्हणे, वरून तू नाव देय." 'यायनं' म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नवऱ्याचं नाव सासूबाईंनी जन्मात घेतलं नव्हतं, मीही घेत नव्हते. मग आवाज आणखी खाली आणून त्या म्हणाल्या, "आन तू जे नाव धरून बसली ना, ते तिच्या मालकाचं होय. ते ती कसं घेईन?"

त्यांचं कोरं कपाळ मी रोज पाहत होते, पण पाळण्याशी त्याचा हिशेब कधी लावला नव्हता. मी उठले. भरल्या घरातून, सगळ्या बायकांसमोर, थेट गंजीकडे गेले आणि निसण ओढून काढली. आत्याबाई पाहत होत्या. मी म्हटलं, "कुत्र्यानं ओढून नेली वाटतं."

"हाव," आत्याबाई म्हणाल्या. "आपलं कुत्रं चौथी पास हाये."

मी निसण धाब्याला लावली. "आत्याबाई, तुम्हाला वाटेल ते ठेवा. गणपत ठेवा. माझं काही म्हणणं नाही."

त्या चढल्या. मी खाली निसण धरून उभी होते. वर त्यांनी पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. पलीकडे चाचांची धनुकलीही थांबली. आणि मग "माधवाऽऽ" अशी हाक आली, की गोठ्यातल्या गाईंनी माना वर केल्या. विहिरीकडून उत्तर आलं, "आ गया, बाई, बराबर आ गया."

माझा माधव आता स्वतः आजोबा झाला आहे. त्याला हाका मारणारी माणसं घरात पुष्कळ आहेत, पण विहिरीपर्यंत जाणारी हाक पुन्हा कोणी मारली नाही. त्या दिवशी आत्याबाई सावकाश खाली उतरल्या, निसणीच्या शेवटच्या पावंडीवर, खालच्या पायरीवर, बसल्या आणि पदरानं तोंड पुसत मला म्हणाल्या, "जाते वं माय हे नाव. चांगलं जाते. मी कधी म्हणूनच पाह्यलं नव्हतं."