इनासचा डावा डोळा

त्याने शेवटची ओळ एकही अक्षर न चुकता म्हणून दाखवली. उजवा डोळा तळहाताने झाकलेला, डावा उघडा, आवाज खणखणीत. अडचण एवढीच होती की ती ओळ आता भिंतीवर नव्हती. तो डोळा झाकत असताना मी तक्ता उलटा केला होता, आणि मागच्या बाजूला वेगळी अक्षरं छापलेली आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं.

“पुन्हा वाच,” मी म्हटलं.

त्याने पुन्हा तीच अक्षरं म्हटली. या वेळी जरा अडखळत, म्हणजे आपण खरोखर वाचतोय असं मला वाटावं.

“इनास, हात काढ आणि बघ.”

त्याने हात काढला, तक्त्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ही लबाडी मला नवीन नव्हती. नोकरी जाईल म्हणून घाबरलेले ड्रायव्हर चांगल्या डोळ्याने अक्षरं पाठ करतात आणि अधू डोळा उघडा ठेवून म्हणून दाखवतात. पण हा सतरा वर्षांचा होता आणि तो इंग्लंडला निघाला होता.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. अंधेरीला माझा डोळ्यांचा दवाखाना होता. कुर्ला रोडवरच्या एका कारखान्याशी माझं ठरलेलं होतं. कामगाराच्या डोळ्यात लोखंडाचा कण उडाला की त्याला माझ्याकडे धाडायचं. बाई डॉक्टर बघून लोक आधी बिचकायचे. पण डोळ्यात कण खुपत असला की माणूस फार चिकित्सा करत बसत नाही. इनास त्याच कारखान्यात फिटरच्या हाताखाली अप्रेंटिस होता. घर मरोळ गावठाणात, घरची थोडी भातशेती. आणि कारखान्याच्या फुटबॉल टीममध्ये त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता, असं सगळेच म्हणत. मला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नसे.

वर्क्स मॅनेजर हॅरिस साहेबाला मात्र तेवढंच कळायचं. त्याच्या गावचा क्लब म्हणजे इंग्लंडातला फार मोठा क्लब. हे क्लब पंधरा-सोळा वर्षांची पोरं हेरून घेतात, हे मला त्याच्याकडूनच समजलं. त्या पोरांनी मोठ्या खेळाडूंचे बूट घासायचे, प्रेक्षकांची बाकं झाडायची, गवत कापायचं, आणि उरलेल्या वेळात शिकायचं. बहुतेक पोरं वर्षा-दोन वर्षांत घरी परततात. एखादा टिकतो आणि मग हजारो लोक त्याचं नाव घेतात. हॅरिसने खूप लिहालिही करून इनाससाठी तिथे ट्रायल ठरवली होती. बोटीचं तिकीट तो स्वतः काढणार होता. छाती तपासून झाली होती, दात झाले होते. डोळे तेवढे राहिले होते.

मी खिडकी लावली आणि ऑप्थॅल्मोस्कोप घेतला. हे एक लहानसं दिव्याचं यंत्र असतं, त्यातून डोळ्याचा आतला पडदा दिसतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथे सुरू होते तिथे एक गोल चकती असते. निरोगी माणसात ती गुलाबीसर दिसते. इनासच्या उजव्या डोळ्यात ती तशीच होती. डाव्या डोळ्यात पांढरीफटक होती. नस सुकली की अशी दिसते, आणि सुकलेली नस परत पालवत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही डोळे सारखेच टपोरे वाटत.

“कधीपासून?”

“लहान होतो. ताप आला मोठा, मेंदूत गेला बोलतात. मना आठवत पण नाय.”

“आणखी कोणाला माहीत आहे?”

“आयला. अजून कोणाला नाय. तुम्ही पण नका सांगू ना, बाय.”

मला रागच आला. “अरे, एका डोळ्याने तू फुटबॉल खेळतोस? डावीकडून कोणी अंगावर आला तर?”

“डावीकडून कोण येणार? तिकडे लाइन असते ना!”

मग त्याने माझ्याच टेबलावर मला फुटबॉल शिकवला. औषधाच्या बाटल्या मांडून. तो लेफ्ट आउट खेळायचा, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेने पळणारा. कडेला चुन्याची लाइन. लाइनीच्या पलीकडे खेळ नाही. म्हणजे त्याच्या आंधळ्या बाजूला कायम लाइन, आणि सगळं मैदान, आपली माणसं, समोरची माणसं, बॉल, सगळं उजव्या डोळ्याच्या बाजूला. दहा-अकरा वर्षांचा असताना चर्चच्या ग्राउंडवर आपटत-धडपडत त्याने स्वतःच ही जागा शोधून काढली होती. त्यासाठी मुद्दाम डावा पाय तयार केला होता. लोक म्हणत, पोरगा जन्माचा डावखुरा आहे.

मी मनातून थक्क झाले, पण तसं दाखवलं नाही. मला दुसरीच काळजी होती. तेव्हाचा बॉल जाड चामड्याचा असे. तोंडाशी वादीने आवळलेला, आणि चिखलात भिजला की धोंड्याएवढा जड. तो डोक्याने मारायचा. शेजारच्याची कोपरं, बुटांचे खिळे. दोन डोळेवाल्याचा एक गेला तर तो एका डोळ्याने पोट भरतो. याचा उजवा गेला तर याला घरातून विहिरीपर्यंतसुद्धा कोणीतरी हाताला धरून न्यावं लागणार.

“मी फिट लिहिणार नाही,” मी म्हटलं.

त्याने हातापाया पडणं वगैरे काही केलं नाही. बाटल्या होत्या तशा जागेवर लावल्या. “शनिवारी मॅच हाय. एकदा बघा मना खेळताना. मग काय लिवायचं ते लिवा.”

मी गेले. साडी सावरत, चिखलातून. ग्राउंडच्या कडेला टीमचा कॅप्टन सावंत भेटला. मालवणकडचा, त्याच कारखान्यात टर्नर. गुडघा दुखावल्यामुळे त्या दिवशी तो खेळत नव्हता. त्याने माझ्यासाठी कुठूनतरी खुर्ची पैदा केली आणि स्वतः शेजारी उभा राहिला.

“बघा बाई, ह्या झिलाच्या पायात काय आसा ता देवाकच ठावक.”

पहिल्या अर्ध्या वेळात मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण त्यातले शब्द मला येत नाहीत. एवढंच कळलं की बॉल इनासकडे गेला की आजूबाजूचे लोक बोलायचे थांबत. तो लाइनीला चिकटून पळायचा. मान सारखी उजवीकडे, चिमणीसारखी हलती. दोघं अंगावर आले की तो त्यांच्या मधून निघून गेलेला असायचा. त्याने एक गोल केला आणि दुसरा करून दिला. मीही उभी राहून टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझ्या मनात आलं की जाऊ दे याला, मी कोण अडवणारी!

हाफटाइमला हॅरिस मैदानात उतरला. इनासच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी सांगत होता. इनास मान हलवत होता, पण होकाराची की नकाराची ते लांबून कळेना.

“साहेब तेका राइट आउट खेळवतत,” सावंत म्हणाला. “तिकडच्या क्लबाक उजवीकडचो माणूस होयो आसा म्हणे.”

मी खुर्चीवरून उठले. राइट आउट म्हणजे उजवी कड. म्हणजे लाइन चांगल्या डोळ्याकडे, आणि सगळं मैदान आंधळ्या बाजूला. त्या ग्राउंडवर हे कळणारी माणसं दोनच होती, मी आणि तो.

खेळ सुरू झाला. बॉल त्याच्याकडे येत होता आणि त्याच्या बाजूने निघून जात होता. तो पळायचा, थांबायचा, सगळं अंग वळवून बघायचा, तोवर कोणीतरी बॉल नेलेला असायचा. लोक आधी हसले. मग कोणी शिटी मारली. कोणी ओरडलं, “इनास, झोपलास काय रे?”

“आज ह्येका झाला तरी काय?” सावंत कळवळून म्हणाला.

तेवढ्यात एक उंच बॉल आला. इनासने तो शोधायला तोंड पूर्ण डावीकडे फिरवलं आणि त्याच बाजूने धावत आलेल्या समोरच्या टीमच्या फुलबॅकचं डोकं त्याच्या उजव्या भुवईवर आदळलं. फुलबॅक बसकण मारून बसला. इनास उभाच राहिला. भुवई फाटली होती, रक्त आणि चिखल डोळ्यात उतरला होता. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि हवेत चाचपायला लागला. एक पाऊल टाकलं, थांबला, उलट्या दिशेला वळला. समोर गोल आहे की आपली माणसं, हे त्याला समजत नव्हतं.

“आय! आय गो!” तो ओरडला.

मी धावले. सावंत दुखऱ्या गुडघ्याने माझ्यापुढे पोचला. पाण्याने डोळा धुतला, पापणी उलटून पाहिली. बुबुळाला काही झालं नव्हतं. जखम वरची होती, टाके घालून भागणारी. हे सगळं मी त्याला मोठ्याने सांगत होते, पण त्याने माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि उजेड दिसायला लागल्यावरही बराच वेळ सोडलं नाही. सावंत एकदा त्याच्या डाव्या डोळ्याकडे पाहत होता, एकदा माझ्याकडे. त्याला कळलं होतं.

सोमवारी हॅरिस इनासला घेऊन दवाखान्यात आला. इनासच्या कपाळाला पट्टी. त्याची आई सकाळपासूनच बाकावर येऊन बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन.

“डॉक्टर, इट वॉज ओन्ली अ कट,” हॅरिस म्हणाला. “बोट पुढच्या महिन्यात आहे. तुमची सही हवी.”

“मी सही करणार नाही.”

“कारण?”

“कारण सांगायचं की नाही, हे याने ठरवायचं.”

हॅरिसचा चेहरा लाल झाला. “ठीक आहे. मी याला फोर्टातल्या डॉक्टरकडे नेतो.”

फोर्टातल्या डॉक्टरच्या भिंतीवरचा तक्ता एकाच बाजूला छापलेला असण्याची शक्यता होती. इनास हुशार होता. तिथे तो पास झाला असता, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही. मी त्याच्या आईकडे पाहिलं. ती म्हणाली, “माजा काय हाय, बाय? डोला त्याचा, पाय त्याचे. तोच बोलंल.”

इनास साहेबाकडे वळला. मग म्हणाला, “सर, लेफ्ट आय... नो.”

“नो व्हॉट?”

“नो सी. नथिंग.”

हॅरिसने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो खुर्चीत बसला. मला वाटलं होतं, चिडेल, फसवलंस म्हणेल. तो म्हणाला, “तरीसुद्धा असा खेळतो?” इनासच्या चेहऱ्यावर तेव्हा आशा होती. त्याला वाटत होतं की खरं सांगितल्यावर साहेब काहीतरी वाट काढतील, क्लबाला लिहितील की याला डावीकडेच खेळवा. पण साहेब उठला, त्याच्या पाठीवर थोपटलं आणि गाडीत जाऊन बसला.

कारखान्याने त्याला ग्राइंडिंगच्या ठिणग्यांपासून दूर, स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवलं. ते मीच सांगितलं होतं. टीममधूनही काढला. तेही मीच सांगितलं होतं.

“इथं पण नाय खेळायचा?” त्याने विचारलं होतं.

“इथं पण नाही. कुठेच नाही.”

एकाच डोळ्यावर जगणाऱ्या माणसाने तो वर्षातून एकदा दाखवावा, असं मी त्याला बजावलं होतं. तो न चुकता यायचा. तपासून झालं की खुर्चीतून उठता उठता विचारायचा, “बाय, आता खेळू का?”

“नाही.”

“गोलकीपर राहू?”

“गोलकीपरच्या तर तोंडावरच बॉल येतो.”

“बरा,” म्हणायचा आणि जायचा. त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, आई गेली. हॅरिस तर कधीच त्याच्या देशात परतला होता. इनासचा प्रश्न मात्र चालूच होता, आणि माझं उत्तरही. पुढे पुढे मला वाटायला लागलं की ही आमची दोघांची थट्टाच आहे.

एका वर्षी तो आला तेव्हा कानांजवळचे केस पिकले होते आणि पोट जरा सुटलं होतं. मी डोळा तपासला. नस गुलाबी, पडदा स्वच्छ, शेवटची ओळ धडाधड वाचली.

“डोळा उत्तम आहे,” मी म्हटलं आणि ‘नाही’ म्हणायच्या तयारीने थांबले.

त्याने छत्री घेतली. “येतो बाय,” म्हणाला आणि निघाला. मी दारापर्यंत गेले. तो रस्ता ओलांडत होता, डावीकडची गाडी बघायला सगळी मान वळवून. परत फिरेल असं मला वाटत होतं. तो फिरला नाही. मला वाईट वाटलं, आणि ते बरेच दिवस गेलं नाही.

मी दिलेला सल्ला बरोबर होता. आज तोच मुलगा समोर बसला तरी मी तोच देईन. मात्र तेव्हापासून एक गोष्ट मी माझ्या हाताखालच्या नव्या डॉक्टरांना सांगत आले. पेशंट विचारायचा थांबला, म्हणजे आपलं म्हणणं त्याला पटलं, असं समजू नये. पुष्कळदा त्याचं फक्त वय झालेलं असतं.