एकतीस नंबरचा बिल्ला

कुणाच्या अंगात आलं की "आधी दवाखान्यात न्या" म्हणणारा माणूस मी. भूत-बित, शकुन-बिकुन हे सगळं रिकामटेकड्यांचं काम, असं माझं मत होतं... बरंचसं अजूनही आहे. तरी आज इथे लिहितोय, कारण एक गोष्ट बरीच वर्षं पोटात घेऊन बसलोय आणि ती काही केल्या स्वस्थ बसू देत नाही.

कापसाचे वाईट दिवस चालू होते तेव्हाची ही गोष्ट. वणीजवळच्या एका जिनिंगमध्ये मी कारकून होतो. जिनिंग आता बंद आहे, नाव सांगत नाही. तेव्हाच निम्मे रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, बंद होते, निम्मे मजूर घरी बसले होते. माझा मावसभाऊ मधूदादा तिथे आग विझवायच्या व्यवस्थेचं बघायचा. दादा नेव्हीतून रिटायर होऊन आलेला. आमच्याकडे तळ्यात पोहता येणारा माणूस सापडायची मारामार, तिथे नेव्हीवाला म्हणजे अप्रूपच.

अकरा वर्षं तो एकाच जहाजावर होता. ते जहाज वेगळंच होतं. त्याच्या पोटात, मागच्या बाजूला, एक भलामोठा हौद होता — त्याला डॉक म्हणायचे. जहाज मुद्दाम मागून खाली बसायचं, मागचा दरवाजा उघडायचा, समुद्र आत यायचा आणि आतल्या होड्या जवान अन् गाड्या घेऊन तरंगत बाहेर पडायच्या, थेट किनाऱ्याकडे. "लढाई एकबी नाही पाह्यली त्यानं," दादा टपरीवर चहा पिता पिता सांगायचा, "पण वादळात बुडालेल्या गावांतून माणसं लय काढली." कुठल्या साली इंजिन बदललं, कुठल्या बंदरात रंग दिला, सगळं आम्हाला पाठ झालं होतं. "जहाजाचं सर्व्हिस बुक तुझ्याजवळच ठेवलं का रे त्यांनी?" असं मी चिडवायचो.

त्या जहाजावर एक नियम होता. डॉकमध्ये उतरताना प्रत्येकानं आपला नंबरचा बिल्ला फळीवर अडकवायचा आणि वर आल्यावर स्वतःच्या हातानं काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, साहेब असला तरी. फळीवर एक जरी बिल्ला असला तरी पाणी सुटणार नाही.

हाच नियम दादानं जिनिंगमध्ये आणला. आगीसाठी आमच्याकडे जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी होती, मध्ये खाली वाट ठेवलेली भिंत आणि वर एकच झाकण. सीझनआधी ती उपसून गाळ काढायचे. दादानं मोटारीच्या खोलीत स्टार्टरशेजारी नऊ खिळ्यांची फळी ठोकली. मजुरांसाठी पत्र्याचे आठ बिल्ले. नववा खिळा त्याचा, त्यावर त्याचा जहाजावरचा पितळी बिल्ला — नंबर एकतीस, वरची कड चेमटलेली. सगळे हसले. सगळ्यात जास्त मी.

त्या वर्षी गाळ काढायच्या वेळी दादा नव्हता. जहाज निवृत्त होणार होतं, निरोपाला जुन्या लोकांना बोलावलं होतं. पितळी बिल्ला खिशात टाकून तो दोन दिवस आधीच विशाखापट्टणमला गेला. जाताना मला म्हणाला, "फळी पाह्यजो बरं. बाकी काही नाही पाह्यलं तरी चालंल."

लोडशेडिंग होतं. लाइट दुपारी एकला येणार आणि चारला जाणार. मालकाचा फोन आला की टाकी आजच भरली पाहिजे. जेवणाची सुट्टी झाली, मजूर लिंबाखाली डबे सोडून बसले. फळीवर आठही बिल्ले तसेच. विसरायचेच ते नेहमी. एकेकाला हाक मारत कोण बसणार? मी आठही काढले, ड्रॉवरमध्ये टाकले, टाकीचं झाकण लावून कडी घातली.

एक वाजून काही मिनिटांनी लाइट आली. मी स्टार्टरकडे हात नेला... आणि नवव्या खिळ्यावर पितळी बिल्ला दिसला.

एकतीस. वरची कड चेमटलेली. मी हात लावला. गार होता, ओला होता. दादा परत आला असेल, असंच आधी वाटलं. बाहेर येऊन हाका मारल्या. लिंबाखालचे लोक माझ्याकडे बघायला लागले, आणि बघता बघता मी त्यांना मोजलं. सात.

कडी काढली, दोघांना खाली पाठवलं. भिंतीच्या पलीकडे केळापूरकडची सुमनबाई बेशुद्ध पडली होती. घमेलं राहिलं म्हणून शेवटी मागे वळली, कोंदट हवेनं चक्कर आली असावी. वर आणून वारा घातला, पाणी मारलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

मी खोलीत पळत गेलो. नववा खिळा रिकामा होता. बोटं मात्र अजून ओली होती. जिभेला लावली तर खारट. घामही खारटच असतो, हे मला कळतं.

चारच्या सुमारास ऑफिसात फोन वाजला. एसटीडी बूथवरून दादा. हॅलो नाही, काही नाही. "खाली कोण राह्यलं होतं?"

"सुमनबाई," मी म्हणालो. "काढली वर."

"मी शेवटचं डॉकमध्ये जाऊन आलो," दादा म्हणाला. "वर येऊन बिल्ला काढाले गेलो तं हात उचलेच ना. असं वाटे का खाली कोणीतरी हाय. मंग तसाच ठेवला. साहेब लय बोलले. काहून ठेवला, मलेच सांगता नाही आलं." किती वाजता, मी विचारलं. "एकच्या आसपास."

तो बिल्ला जहाजाबरोबरच भंगारात गेला. दादाही आता नाही. मी बरीच डोकेफोड केली. फळी रोज बघायची सवय, दादाची आठवण, उन्हाचा भास — सगळं लावून पाहिलं. फोनचं काय करायचं ते मात्र जमत नाही.

पण झोप उडते ती त्यामुळे नाही. त्या संध्याकाळी मालकानं विचारलं, बाई खाली आहे हे कळलं कसं नाही? मी म्हणालो, तिनं बिल्लाच लावला नव्हता. सुमनबाई समोरच उभी होती. "म्या लावला होता, भाऊ," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिला कामावरून बंद केलं. काम कुठेच नव्हतं त्या वर्षी. दादानं आल्यावर मला एकदाच विचारलं, "तिनं खरंच नव्हता लावला?" "नव्हता," मी म्हणालो. तो फळीकडे बघत राहिला, पुन्हा कधी विचारलं नाही.

सुमनबाई हे वाचणार नाहीत. त्यांच्या घरातल्या कुणी वाचलं तर त्यांना सांगा... तुम्ही बिल्ला लावला होता. मी काढला.