मामाचा कान आणि मागचा चिमटा

आमच्या मामाला सगळे गिअरमामा म्हणतात. जुनी गिअरची सायकल समोर आली की त्याला जेवायचीही शुद्ध राहत नाही. कुणाचं ऐकायची सवय त्याला कधीच नव्हती. गेली काही वर्षं तर त्याला खरंच ऐकू येत नाही. पण कानाचं नाव काढलं की तो फुगून बसतो.

मामीची आई टेकडीवर एकटी राहते, अंथरुणाला खिळलेली. मामी रोज सायकलने चढ चढून तिला भरवायला जाते. वर बस जात नाही. यंदा मामीचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा मामा म्हणाला, "मागे गिअरची मोठी चकती बसवतो. पाय नुसते फिरव, सायकल चढेल."

मोठ्या चकतीचा संच जुन्यापेक्षा रुंद निघाला. मागचं चाक फ्रेमच्या ज्या दोन टांगांमध्ये बसतं, त्या चिमट्यात ते मावेना. चिमटा फाकवायला मामा टांगांमध्ये लांब बोल्ट घालतो, नट थोडा थोडा फिरवतो आणि फ्रेमच्या नळीला कान लावतो. नळी कुरकुरली की थांबायचं. मापपट्टी लावणं त्याला कमीपणाचं वाटतं. आणि आजवर त्याच्या हातून एकही फ्रेम मोडली नव्हती, हेही खरंच.

मी म्हटलं, "मामा, कान मी लावते, तू नट फिरव."

दोनदा ओरडून सांगावं लागलं. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणाला.

नळी कुरकुरली. मला दारापाशी ऐकू आलं. "अहो, बास," मामी म्हणाली. मामा डोळे मिटून, कान लावून फिरवतच राहिला. मी धावत जाऊन त्याचा हात धरला, तोवर टांगांमधला आडवा जोड निसटला होता आणि नळी चिरली होती. मला संताप आला होता, पण त्याचा चेहरा बघून तो काढायचा कुणावर तेच कळेना.

वेल्डिंगवाल्याने पातळ नळी पाहूनच हात वर केले. मामाच्या दुकानातल्या बाकीच्या सायकली उंच. मामीचे पाय टेकत नाहीत.

आता मामी चालत जाते. परत आली की जिन्यातच बसते. मामा शेजारी उभा राहून विचारतो, "फार दुखतंय का?"

"नाही हो," ती म्हणते.

त्याला ऐकू येत नाही. तो पुन्हा विचारतो.