यंदा कुणाचा नंबर?

बातमीदाराकडे छापून आलेल्या बातम्यांपेक्षा न छापलेल्याच जास्त साठतात. छापलेल्यांत दुसऱ्या दिवशी भजी बांधून मिळतात. न छापलेल्या कशातच बांधता येत नाहीत, म्हणून डोक्यात राहतात. माझ्या डोक्यातला मोठा साठा मानवतच्या एका खासगी शाळेचा आहे. माझी बायको मंदा तिथं भूगोल शिकवायची. मी परभणीच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. मोर्चे, बंद, जाळपोळ, लाठीमार, रोज पाकीट भरून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचो. घरी आलो की ही दुसरी बातमी चहाबरोबर तयार असायची!

*

मंदाच्या मुलाखतीपासूनच सुरुवात झाली. समोर संस्थेचे पाच सभासद. मधोमध अध्यक्ष, गावातले मोठे आडत व्यापारी. मंदा रात्रंदिवस नकाशे पाठ करून गेली होती. भूगोलावर प्रश्न आला एकच.

"बाई, माहेर कुठलं?"

"बोरी."

पाचही माना समाधानानं हलल्या. पहिलं बाळंतपण माहेरी असतं आणि बोरी काही फार लांब नाही, तेव्हा बाई लवकर परत येतील. मंदाची निवड झाली. जिची निवड झाली नाही, तिचं माहेर नागपूर होतं!

पुढं शकुंतलाबाईंची मुलाखत झाली. त्या पाथरीहून जीपनं यायच्या. त्यांना अध्यक्षांनी थेट विचारलं, "यंदा काही विचार?"

"कसला, सर?"

"म्हणजे... कुटुंबाचा."

"तुम्हाला किती मुलं, सर?"

"सहा."

"सहाही वेळा दुकान चालूच होतं ना?"

असं बोलूनही त्यांना घेतलं, कारण गणित शिकवायला दुसरं कुणी आलंच नव्हतं. पण नोकरी कच्ची. दोन वर्षं नीट गेली की अध्यक्ष कायमची ऑर्डर देणार. तोवर कधीही घरी बसवतील, कारण सांगायचीही गरज नाही. शकुंतलाबाईंच्या नवऱ्याला जिनिंगमध्ये काम होतं, पण ते कापसाच्या हंगामापुरतं. बाकी वर्षभर घर बाईंच्या पगारावर चालायचं.

*

शाळेत बाया तीनच. मंदा, शकुंतलाबाई आणि हिंदीच्या रझियाबाई. एक दिवस हेडमास्तरांनी तिघींना बोलावलं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दोघी एकदम रजेवर गेल्या तर शाळा कशी चालायची? अध्यक्षांनी नंबर लावायला सांगितलंय."

गिरणीवर डबे लावतात तसे नंबर! पहिल्या रझियाबाई, मग मंदा, शेवटी शकुंतलाबाई, तेही त्या कायम झाल्यावर. शिवाय घटना मे महिन्यात घडलेली बरी, म्हणजे सुटी वाया जाणार नाही.

मंदानं बोटांवर हिशोब केला. "मे म्हणजे सर, ऑगस्टमध्ये सुरुवात हवी."

हेडमास्तर विचारात पडले. "ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाची तयारी असते, बाई."

रझियाबाई म्हणाल्या, "सर, एक टाइमटेबल हमारे मियाँ के वास्ते भी लिख के देव."

"ते तुम्ही तोंडीच सांगा," हेडमास्तर म्हणाले.

*

आता माझी पंचाईत बघा. रझियाबाईंचा नंबर लागल्याशिवाय आमचा लागणार नाही! अख्ख्या मानवतमध्ये रझियाबाईंच्या गोड बातमीची माझ्याइतकी वाट त्यांच्या सासूनंही पाहिली नसेल. मी रोज विचारायचो, "काय म्हणतात रझियाबाई?" मंदा म्हणायची, "कबीराचे दोहे शिकवतायत."

शेवटी रझियाबाईंनाच दया आली. "मंदा, तुम निकलो आगे. मेरी गाडी को देर है." मोबदल्यात मंदानं त्यांचं स्नेहसंमेलनाचं काम अंगावर घेतलं. हेडमास्तर मात्र म्हणाले, "असं आपसात बदलता येत नाही. अध्यक्षांना विचारावं लागेल."

अध्यक्षांनी दोन दिवस विचार करून निकाल दिला, "सेवाज्येष्ठतेनं घ्या!"

मंदा एका वर्षानं सीनियर निघाली. आमचा मुलगा सेवाज्येष्ठतेनं झालेला आहे.

*

शकुंतलाबाईंच्या सासूला हे नंबराचं कळलं, तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. रेशनला नंबर, रॉकेलला नंबर, तसा हा. फक्त एवढा उशिराचा का, हे विचारायला ती पाथरीहून जीपमध्ये बसली आणि थेट अध्यक्षांच्या आडतीवर उतरली. हंगामाचे दिवस, दुकानात शेतकऱ्यांची गर्दी.

"सायेब, आमचा नंबर कवा हाय?"

"मावशी, माल कुठाय? कापूस आणला का?"

"कापूस न्हाई, नातू! माज्या सुनंचा नंबर म्हन्ते मी. शकुंतला मास्तरीण."

दुकानातला तराजू थांबला.

"मावशी, ते शाळंचं हाय, हितं नगं," अध्यक्ष पुटपुटले.

"शाळंचं कसं? लेकरू काय शाळंत जलमायचंय? तुमाला सा झाली, तुमचा नंबर कुनी लावला व्हता?"

शेतकरी लय हसले म्हणे. अध्यक्षांना ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकरवी निरोप आला, "बाई, घरच्यांना आवरा. आणि ऑर्डर होईपर्यंत तुमच्याकडून तसलं काही झालं, तर ऑर्डरचं विसरा."

तसलं काही त्याच महिन्यात झालं.

*

बाईंची खात्री झाली, त्याच आठवड्यात एक दिवस नामांतरासाठी बंद होता. शाळा बंद, एसटी बंद. माझं पाकीट जाणार नव्हतं. आदल्या संध्याकाळीच पाथरीच्या जीपा थांबल्या, म्हणून शकुंतलाबाई आमच्याकडे मुक्कामाला थांबल्या होत्या. सकाळी रझियाबाईही आल्या. प्रश्न एकच, सांगायचं कधी? ऑर्डरवर सही एप्रिलात. तोवर बाईंना सातवा लागणार.

"आज बोली तो आज घर," रझियाबाई म्हणाल्या.

"आणि नाही सांगितलं तर फसवलं म्हणून काढतील," मंदा म्हणाली.

माझं डोकं फिरलं. प्रसूतीची रजा हा बाईचा हक्क आहे, मेहरबानी नाही! मी कागद ओढला. "मी बातमी करतो. अध्यक्षांच्या नावासकट!"

शकुंतलाबाई म्हणाल्या, "भावजी, तुमची बातमी आतल्या पानावर येईल. माझी नोकरी पहिल्या दिवशी जाईल. मी सांगणार नाही. त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

मी पेन खिशात ठेवलं. आयुष्यात फार कमी वेळा ठेवलंय.

*

पुढचे महिने काय सांगावेत! पोट वाढत होतं आणि गाव गप्प होतं. दुकानावर भांडून आलेली सासू आता पाथरीत सगळ्यांना सांगायची, "सुनंला गॅस झालाय." विद्यार्थी न सांगता बाईंना वर्गात खुर्ची आणून द्यायचे. शिपायाच्या बायकोनं चिंचा पाठवल्या.

हेडमास्तरांना दिसत होतंच. एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी धीर केला. "बाई, तुमची तब्येत..."

"चांगली आहे, सर."

"हां. दिसतेय."

एवढं बोलून ते निघून गेले. अध्यक्षांना कळवायचं तर तो शब्द तोंडानं उच्चारावा लागला असता. तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती.

*

एप्रिलात मीटिंग झाली. नव्या खोलीच्या भूमिपूजनाची बातमी हवी म्हणून अध्यक्षांनी मलाही बोलावलं होतं. हेडमास्तरांच्या खोलीत पाच सभासद, चहा, भिंतीला टेकून मी. टेबलावर शकुंतलाबाईंची ऑर्डर, सही तेवढी बाकी.

शकुंतलाबाई आत आल्या. हिरवी साडी, पदर नेहमीसारखा खांद्यावर. काही झाकलेलं नव्हतं. झाकण्यासारखं राहिलंही नव्हतं. चार सभासदांनी एकदम कप तोंडाला लावले.

अध्यक्षांचं एक होतं. माणूस मर्यादेचा. परक्या बाईकडे बघून बोलायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. बाई समोर आली की ते मान वर करून छताच्या पंख्याशी बोलायचे. आताही त्यांनी मान वर केली.

"तर बाई, काम चांगलं हाय म्हन्तेत तुमचं."

"हो, सर."

"निकाल बी चांगला हाय गणिताचा."

"हो, सर."

"मग आता एकच इचारायचं ऱ्हायलं." अध्यक्षांनी पेन उघडलं, नजर पंख्यावरच. "तसलं काही न्हाई ना?"

हेडमास्तर खिडकीबाहेर गेल्यासारखे दिसत होते. शकुंतलाबाई एक पाऊल पुढं आल्या, टेबलाला अगदी लागून उभ्या राहिल्या.

"सर, एकदा माझ्याकडे बघून विचारा ना."

अध्यक्षांची मान तशीच. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पेन हवेत थांबलं.

"बघा ना, सर. बघा आणि विचारा."

मग अध्यक्षांनी डावा हात टेबलावर फिरवून कागद चाचपला, आणि वर बघतच सही केली. सही कागदाच्या मधोमध पडली, तरी सहीच ती.

शकुंतलाबाईंनी ऑर्डर उचलली, नमस्कार केला आणि सावकाश बाहेर गेल्या. जिन्यावरचं त्यांचं पाऊल ऐकू येईनासं झालं, तेव्हा कुठं अध्यक्षांनी मान खाली घेतली. रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले,

"हेडमास्तर, तेवढा पंखा पुसून घ्या. लय धूळ बसलीय."