आई, शेजारच्या बाई आणि ओंगारची मतदारयादी

मी फॉर्म भरूनच पोट भरते. हृदयात बसवायच्या बारीक जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यात मी इंजिनिअर आहे, आणि माझा निम्मा दिवस ‘हे तपासलं’, ‘हे बघितलं’ असं लिहून खाली सही-तारीख टाकण्यात जातो. अशा बाईचं नाव सहा वर्षं आयर्लंडमधल्या ओंगारमध्ये राहूनही मतदारयादीत नव्हतं. हे उघडकीला आलं एका शनिवारी सकाळी, शेजारच्या बाईंमुळे.

शेजारच्या बाई ऐंशी ओलांडलेल्या. मूळच्या अमेरिकेतल्या, मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय कुटुंबातल्या. आयरिश माणसाशी लग्न करून इकडे आल्या आणि नवरा गेल्यावर लेकीच्या जवळ म्हणून आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात राहू लागल्या. त्या दिवशी त्यांनी सफरचंदाचा केक आणला. टेबलावर ठेवला, पण ताटलीवरचा हात काही काढला नाही.

“कौन्सिलची निवडणूक आलीय. तुमचं नाव यादीत आहे ना?”

कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका. “आम्ही इथले नागरिक नाही हो,” मी म्हटलं.

“कौन्सिलला मत द्यायला नागरिक असावं लागत नाही. इथं राहत असलात की झालं.”

“हो का? बघते मग कधीतरी.”

“कधीतरी म्हणजे किती वाजता?”

 तेवढ्यात लसूण सोलायचं थांबवून माझ्या सासूबाई बाहेर आल्या. मी त्यांना आईच म्हणते. मिरजेजवळच्या गावातून त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या.

“काय म्हनत्यात त्या?”

“आमचं नाव मतदारयादीत आहे का विचारतायत.”

“मग? हाय न्हवं?”

मी केककडे बघितलं. आईंना काय ते कळलं. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई ती. दर निवडणुकीआधी बगलेत यादी मारून उन्हातान्हात घरोघर हिंडायचं कामही तिच्याच गळ्यात पडायचं.

“सा वर्सं?” आई म्हणाल्या. “अगं, मी शंभरीतल्या म्हाताऱ्यांची नावं घातली, बाजेवर निजलेल्यांची घातली. आनि माझ्या घरातली सून यादीत न्हाई?”

शेजारच्या बाईंना यातलं अक्षर समजलं नाही, पण सूर समजला असावा. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि आईंनाही त्यांनी शेजारी बसवलं. मग त्यांनी आपलं सांगायला सुरुवात केली आणि मी मधे बसून भाषांतर करू लागले.

एकोणीस वर्षांच्या असताना त्या गावातल्या चर्चमध्ये मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवत. मतदार म्हणून नाव घालायचं तर कोर्टाच्या कचेरीत परीक्षा द्यावी लागे, आणि काळ्या माणसाला पास करायचं नाही हे आधीच ठरलेलं असे. कापूस वेचणाऱ्या एका म्हाताऱ्याने चार महिने आपली सही गिरवली. तो कचेरीत गेला तर कारकुनाने दारावर ‘दहा मिनिटांत येतो’ अशी पाटी लावली आणि तो दिवसभर आलाच नाही. म्हातारा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. नाव घालायला गेला एवढ्यावरून त्याचं काम सुटलं. काही ठिकाणी तर लोकांना विचारत, साबणाच्या एका वडीत बुडबुडे किती?

मी हे भाषांतर केलं. 

आई विचारात पडल्या. “कुटला साबन?”

“आई, त्याला उत्तर नव्हतंच. त्यांना नापासच करायचं होतं.”

“ते कळलं मला. पर पानी कसलं? बोअरचं असंल तर फेसच येत न्हाई. शून्य लिवायचं आनि सही मारायची!”

हे भाषांतर करावं की नाही, मला कळेना. शेवटी केलं.  शेजारच्या बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. “साठ वर्षांत,” त्या कशाबशा म्हणाल्या, “पाणी कुठलं हे कुणी विचारलं नव्हतं!”

मी केक खायच्या आत मोबाईलवर नाव नोंदवलं. नवऱ्याला अंघोळीतून बोलावून त्याचंही नोंदवलं.

पण एवढ्यावर भागेना. पुढच्या रविवारी दोघी आमच्या रस्त्यावर दारोदार निघाल्या आणि दुभाषी म्हणून मला बरोबर घेतलं. शेजारच्या बाईंकडे माहितीचे कागद होते. आईंकडे माझ्या लेकीची शंभरपानी वही होती. तिच्यात त्यांनी पट्टीने रकाने आखले होते: घर नंबर, माणसं, नवीन, मयत, लग्न होऊन गेलेली.

पहिलंच दार एका आयरिश गृहस्थांचं. ते कुत्र्याला घेऊन दारात आले. शेजारच्या बाई तोंड उघडणार, एवढ्यात आईंनी पेन सरसावलं. “इच्यार त्यास्नी, घरात मयत कोन हाय का?”

“आई, असं नाही विचारत इथे.”

“मग यादी साफ कशी व्हायची?”

मी घाबरत घाबरत विचारलं, “सॉरी, पण तुमच्याकडे कुणी वारलंय का?”

गृहस्थांनी जरा विचार केला. कुत्र्याकडे पाहिलं. “नाही बुवा,” ते म्हणाले, “आम्ही सगळे ग्रँड आहोत.” इथे ठणठणीतला ग्रँड म्हणतात. मग त्यांनाच राहवलं नाही. “पण आमचा काका गेला गेल्या वर्षी. चालेल?” आईंनी काकाला मयतच्या रकान्यात घेतलं. नंतर चौकशी केली तर काकाचं नाव खरंच अजून यादीत होतं. आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढच्या चार घरांत न कुरकुरता मयत विचारलं.

समोरच्या घरात नागपूरचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर एकटा राहतो. बेल तीनदा वाजवली तरी दार उघडेना.

“घरात न्हाई वाटतं,” मी आईंच्याच सुरात म्हटलं.

“हाय की! पडद्याखाली पाय दिसत्यात!” आईंनी खिडकीच्या काचेवर टकटक केलं. “ए बाबा, पाय दिसाय लागल्यात तुजं!”

दार उघडलं. “काकू, मला वाटलं इंटरनेट विकणारे आले,” तो कानकोंडा होऊन म्हणाला. “आणि मला राजकारणात इंटरेस्ट नाही जी.”

“परवा व्हॉट्सॅपवर रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यावरून बारा मेसेज कुणी टाकले?” मी विचारलं.

“ते राजकारण नाही ना. तो डबा आहे.”

“डबाही कौन्सिलच ठेवतं, बेटा,” शेजारच्या बाई म्हणाल्या. त्यांना ‘डबा’ हा शब्द कसा कळला, देव जाणे. नाव नोंदवून होईपर्यंत दोघी त्याच्या दारातून हलल्या नाहीत.

नावं तर झाली, पण मत कसं द्यायचं? इथे एका नावापुढे शिक्का मारून सुटता येत नाही. उमेदवारांना पसंतीचे नंबर द्यायचे, एक, दोन, तीन. म्हणून शेजारच्या बाईंनी आमच्या हॉलमध्ये वर्ग घेतला. अकरा जण आले. सरावाला निवडणूक लावली ती चहाची. उमेदवार तीन: आलं, वेलची आणि गवती चहा. पेटी म्हणून बिस्किटांचा रिकामा डबा.

आल्याला पाच मतं पडली, वेलचीला चार, गवती चहाला दोन.

“आलं!” नागपूरकर ओरडला. तो आल्याचा कट्टर.

“थांब,” बाई म्हणाल्या. “अकरातली निम्म्याहून जास्त हवीत. म्हणजे सहा. गवती चहा बाद. आता त्याच्या दोन मतदारांची दुसरी पसंती बघायची.”

दोघांचीही दुसरी पसंती वेलची होती. वेलची सहा मतांनी निवडून आली.

“काहून बे? ही तर चोरी झाली!” नागपूरकर उठूनच उभा राहिला. त्याने फेरमोजणी मागितली, ती झाली, वेलची पुन्हा आली. तो म्हणाला, गवती चहावाल्यांनी आधीच संगनमत केलंय.

आई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. “म्हंजे आपल्याकडं मानसं जिंकल्यावर पळत्यात, आनि हितं मतं हरल्यावर पळत्यात?”

मी हे शेजारच्या बाईंना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. तेवढ्या गडबडीत चहा कुणी केलाच नव्हता.

मतदानाच्या दिवशी आम्ही दुपारी शाळेत गेलो. शेजारच्या बाई निळी हॅट आणि ठेवणीतला कोट घालून निघाल्या. त्यांच्या आईला पहिल्यांदा मत देता आलं तेव्हा ती पन्नाशीची होती. चर्चला जायचे कपडे घालून गेली होती. तेव्हापासून मत द्यायला साधं जायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलंय. ते ऐकून आईंनी मला घरी परत पाठवलं आणि जीन्स बदलून साडी नेसायला लावली. वाटेतल्या वाऱ्याने निऱ्या सुटल्या. मी त्या एका हाताने धरून मत दिलं.

आईंना मत नव्हतं, म्हणून त्या दारात थांबल्या होत्या. मी बाहेर येताच त्यांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला.

“शाई?”

“इथे शाई लावत नाहीत, आई.”

“आनि आत काय, पेन का शिक्का?”

“शिसपेन्सिल.”

“शिसपेन्सिल!” आई म्हणाल्या. “बाई, आत कुनी खोडरबर घेऊन बसलं म्हंजे?” त्या आत जाऊन पेटीवर नजर ठेवायला निघाल्या. दारावरच्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्या बाईंना बसायचंय, म्हणून त्याने अगत्याने खुर्ची आणून दिली. आई त्या खुर्चीवर तासभर बसल्या, आणि खोडरबरवाला कुणीही आला नाही याची स्वतः खात्री करूनच उठल्या.

वर्गातल्या अकरांपैकी नऊ जण मत देऊन आले. मी एक नंबर दिलेली उमेदवार पडली, माझं मत दोन नंबरच्या बाईंकडे गेलं आणि त्या निवडून आल्या. मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की सोमवारी कारखान्यात मी जेवणाच्या सुट्टीत तिघांना ते कागदावर काढून दाखवलं.

निकालाच्या संध्याकाळी नागपूरकर आमच्याकडे आला. चेहरा समाधानी.

“मग? एक, दोन, तीन नीट लिहिलंस ना?” शेजारच्या बाईंनी विचारलं.

“हो ना. तीन उमेदवार दारावर आले होते, तिघंही चांगले वाटले. मग कुणाला वाईट वाटायला नको म्हणून तिघांनाही एक नंबर दिला.”

 मी आईंना हळूच सांगितलं की असं मत बाद धरतात. आईंनी त्याला आपल्याजवळ बसवून घेतलं आणि म्हणाल्या, “लई सभ्य हाईस रं तू.”

शेजारच्या बाईंनी पर्समधून डायरी काढली. पुढची कौन्सिलची निवडणूक पाच वर्षांनी. त्यांनी त्याचा फोन नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या, “रविवारी अकरा वाजता ये. आपण आतापासूनच सुरुवात करू.”