रस्त्याखालची ओल

चौथीच्या वर्गावर होते. फळ्यावर गणित लिहून वळले, तर टेबलावरचा मोबाईल थरथरत होता. पलीकडे यजमान होते, पण आवाज इतका खोल गेलेला की क्षणभर मला ओळखूच आला नाही. "शालू गेली गं..." एवढंच म्हणाले. आदल्या संध्याकाळी मी नगरच्या दवाखान्यातच होते. निघताना शालूताईंनी माझं मनगट हातात घेतलं, मागे मोडलं होतं तेच, आणि अंगठ्याने चाचपत विचारलं, "थंडीत दुखतं का हो वहिनी अजून?" त्यांना स्वतःला घोटभर पाणी गिळवत नव्हतं.

शालूताई माझ्या नणंद. मी लग्न होऊन राहुरीकडच्या या गावात आले, तेव्हा त्या बारावीत होत्या. वडील लवकर गेलेले, त्यामुळे माझे यजमान, त्यांचे दादा, हेच त्यांचे भाऊ आणि हेच वडील. बहिणीला इंजिनियर करायचं हा हट्टही यांचाच. पुढे त्या नगरच्या एका कॉलेजात शिकवू लागल्या, तिथंच केडगावात छोटं घर केलं, लग्न काही केलं नाही. पीएचडीला त्यांनी रस्ता घेतला. वरचं डांबर नव्हे, त्याच्या खालचे खडी-मुरमाचे थर. त्यात ओल शिरली आणि वरून जड चाकं गेली की ते किती दबतात, किती परत वर येतात, याचं गणित संगणकावर मांडायचं. मला काही उमजेना. तेव्हा एकदा ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी फडक्यात बाजरी घट्ट आवळून बांधली. "दाबा वहिनी." दगड झाला होता नुसता. मग गाठ सैल केली, तर माझी बोटं सरळ आत गेली. "दाणे तेच आहेत," त्या म्हणाल्या, "चहूबाजूंनी धरून ठेवलं होतं तोवर ताकद होती. किंचित ओल असली तर खडीचे दाणेही एकमेकांना धरून राहतात. पाणी फार झालं, की तेच पाणी त्यांना सोडवतं."

हे गणित खऱ्या रस्त्यावर तपासायची वेळ आली, तेव्हा रीतसर परवानगी काढून त्यांनी आमच्याच गावाचा रस्ता निवडला. एका जागी आमच्या उसाला लागून, दुसऱ्या जागी पुढे कोरड्या माळावर, डांबराखालच्या थरात ओल मोजणारी यंत्रं पुरली. रस्ता एकच, खडी एकच. माळावरचा थर पावसाळा सरला की सुकायचा, आमच्या उसाकडचा मात्र बारमाही भिजलेला. कारण उघड होतं. रस्त्याच्या कडेला पूर्वी पाणी वाहून न्यायला चर होता. तो सगळ्यांनीच बुजवून त्यात उसाच्या सऱ्या वाढवल्या होत्या. आम्हीही.

"दादा, तो चर उघडा कर. दोन-तीन हंगामात इथं खोल चाकोऱ्या पडतील."

"समद्यांनी बुजवलाय. मी एकट्यानंच का उकरायचा?"

"मग मी ग्रामसभेत सांगते."

"सांग की. पन आपल्या रानाचं नाव घिऊ नको."

त्यांनी ग्रामसभेत पडद्यावर पहिला फोटो दाखवला तो आमच्याच रानाचा. घरापासून सुरुवात केली नाही तर लोक ऐकतील कशाला, असं त्यांचं म्हणणं. हे भर सभेतून उठून गेले. त्या वर्षी भाऊबीजेला शालूताई ताट घेऊन ओसरीवर बसून राहिल्या. निरांजनात मी पुन्हा पुन्हा तेल घातलं. हे रानातून आलेच नाहीत. जाताना त्या हसून म्हणाल्या, "असू द्या वहिनी, दादाला पाणी द्यायचं असेल उसाला..." गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी तोंड फिरवलं.

गणित खरं ठरलं. दुसरा गाळपाचा हंगाम आला, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर धावू लागले, आणि आमच्या रानाजवळ रस्ता खचून चाकोऱ्या पडल्या. शाळेतून येताना माझी स्कूटी त्यातल्याच एका चाकोरीत अडकली. पडले, मनगट मोडलं. खबर लागताच शालूताई केडगावाहून आल्या. हे दवाखान्याच्या बाकावर मान खाली घालून बसलेले. बहिणीला पाहून म्हणाले, "तुजं खरं हुतं, शालू."

"खरं असून काय करू, दादा? वहिनींचा हात मोडला ना..." असं म्हणून त्या ओक्साबोक्शी रडल्या. आपलं उत्तर बरोबर आलं म्हणून रडणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात यांनी उसाच्या कडेच्या सऱ्या मोडून चर उकरला. शेजारच्या एका-दोघांनी मनावर घेतलं, बाकीच्यांनी नाही. शालूताईंना आता एकच ध्यास लागला, एकदा भिजलेला थर चर काढल्यावर किती दिवसांत सुकतो ते पाहायचं. पण पावसाळ्यातच त्यांचं दुखणं कळलं. कॅन्सर खूप पसरला होता. भाऊबीजेला हेच केडगावला गेले. शालूताईंच्या हातांना तबक पेलेना, म्हणून खालून मी धरलं. ओवाळून झाल्यावर यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तो कितीतरी वेळ उचललाच नाही. त्या पुटपुटल्या, "दादा, थराचं काय होतं ते मला बघायचंय रे..." थंडी संपायच्या आत त्या गेल्या.

दशक्रियेनंतर बऱ्याच दिवसांनी त्यांच्या कॉलेजातल्या सहकारी बाईंनी यांच्या मोबाईलवर एक आलेख पाठवला. आमच्या रानाजवळच्या थराच्या ओलीचा, चर उकरल्यापासूनचा. त्यात दोन रेघा होत्या. एक शालूताईंनी आधीच मांडून ठेवलेल्या अंदाजाची, दुसरी यंत्राने मोजलेली. हे ओसरीच्या पायरीवर बसले, चष्मा लावला, बोटांनी आलेख मोठा केला, लहान केला. मग मोबाईल माझ्यापुढे धरला.

"शालू काय म्हनती यात?"

मी दोन्ही रेघा नीट पाहिल्या. यंत्राची रेघ उतरत होती, पण त्यांच्या रेघेच्या बरीच वरून.

"वाळतंय म्हणतात," मी म्हटलं. "त्यांना वाटलं होतं त्याहून हळू. पण वाळतंय."

यांनी मान हलवली. स्क्रीन विझली की अंगठ्याने पुन्हा उजळायचे, आणि अंधार पडेपर्यंत ती रेघ बघत तिथेच बसून राहिले.