दत्तोबांचं नाव घेते, ॲन आर्बर मुक्कामी

गिरणीत दिवसभर उभं राहिलं की भुवयांवर पीठ साचतं. आपल्याला पत्ता नसतो, घरी आलं की पोरं हसतात तेव्हा कळतं. किश्शांचंही तसंच. अमेरिकेत ॲन आर्बरच्या लायब्ररीत तळघरातल्या खोलीत दर मंगळवारी आमचा सिटिझनशिपचा क्लास भरायचा. तिथे दोन हिवाळे बसलो, आणि आता कुणी 'काका, काहीतरी सांगा' म्हटलं की भुवया झटकाव्यात तसं नुसतं पडत राहतं.

आधी मंडळी सांगतो. शिकवायला डोरोथीबाई. काळ्या, उंच, सत्तरी ओलांडलेल्या, रिटायर्ड मास्तरीण. फुकट शिकवायच्या, पण रागवायच्या पगार घेतल्यासारख्या. भाषांतराला डॉक्टर फडके. पुण्याचे, इथे येऊन तीस वर्षं झालेली, आवाज कायम ऑपरेशन थिएटरमधला. विद्यार्थ्यांत मी, दत्तोबा माने, चौथी पास, सांगलीकडे पिठाची गिरणी होती. आणि आमची मंडळी, शेवंता. बाकी पाचदहा म्हातारेकोतारे येऊन-जाऊन.

आम्हाला अमेरिकन व्हायची हौस नव्हती. भानगड वेगळी होती. शेवंताची थोरली बहीण, आक्का, गावाकडे एकटी. डोळे गेलेले. हिला तिच्याजवळ निदान वर्षभर राहायचं होतं. आम्हाला इथे आणणारा मुलगा म्हणाला, "आई, ग्रीन कार्डवर इतके दिवस बाहेर राहिलीस तर परत येताना लफडं होतं. सिटिझन हो, मग हवं तेवढं राहा." म्हणजे बघा, गावाला मोकळेपणी जायचं तर आधी अमेरिकन व्हायचं! हा कायदा ज्याने केला त्याला एकदा गिरणीत पाठवा माझ्याकडे.

* * *

पहिल्याच दिवशी डोरोथीबाईंनी सांगितलं, "या देशात कुणीही काहीही बोलू शकतो. प्रेसिडेंटलासुद्धा. हे स्वातंत्र्य मोठ्या लढाईने मिळालंय. मिस्टर माने, तुम्ही बोला. मनात येईल ते."

मी म्हटलं, "तुमची कॉफी म्हणजे पातेलं विसळलेलं पाणी आहे."

डॉक्टरांनी घसा साफ केला आणि इंग्लिशमध्ये सांगितलं, "ते म्हणतात, कॉफीबद्दल आभारी आहे."

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाल्या, "डॉक्टर, माणूस आभार मानताना असा दिसत नाही. खरं सांगा."

डॉक्टरांनी खरं सांगितलं. बाईंनी आपला कप उचलला, एक घोट घेतला, थांबल्या.

"ही इज राइट!"

पुढच्या मंगळवारपासून चहा सुरू झाला.

* * *

चहावरून आठवलं. इंग्रज राजाने चहावर कर लावला म्हणून इथल्या लोकांनी जहाजातला चहा समुद्रात ओतला, तिथून यांची स्वातंत्र्याची लढाई पेटली. बाई रंगात येऊन सांगत होत्या. डॉक्टर भाषांतर करताना आणखी रंगात आले, "बघा माने, आपल्याकडे मीठ, यांच्याकडे चहा!"

मी म्हटलं, "आपल्या लोकांनी समुद्रातून काढलं, यांनी समुद्रात टाकलं. फरक आहे."

शेवंता कान देऊन ऐकत होती. तिचा चेहरा घरात दूध उतू गेल्यासारखा झालेला. तिने विचारलं, "सगळा चहा टाकला?"

"सगळा."

"एवढा चांगला चहा? अहो, मग राजाला टाकायचं!"

डॉक्टरांनी हे जसंच्या तसं सांगितलं. डोरोथीबाई टेबलावर थाप मारून इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरून लायब्ररीवाली बघायला आली.

* * *

वर्गात मी एकदा नेहमीच्या सवयीने म्हटलं, "अगं, पाणी आण."

शेवंता उठली. कोपऱ्यात पाण्याची मोठी बाटली, शेजारी कागदी ग्लास. डोरोथीबाई त्या दिवशी यादवी युद्ध शिकवत होत्या. उत्तर विरुद्ध दक्षिण, गुलाम ठेवायचे की सोडायचे, लाखो माणसं मेली वगैरे. त्या थांबल्या. शेवंता ग्लास घेऊन येईपर्यंत खडू हातात धरून उभ्याच.

"मिस्टर माने, पायाला काही झालंय?"

"नाही."

"मग युद्ध कुणासाठी झालं, ते पुन्हा शिकवते."

आणि पहिल्यापासून पुन्हा शिकवलं! सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. शेवंता पदराआड हसत होती. पाणी मी पिऊन टाकलं. आणलेलं पाणी परत कसं पाठवणार?

* * *

बसचा किस्सा सांगायलाच हवा. लायब्ररीला मी सिटी बसने जायचो. मागची सीट धरायची. खाली इंजिन, बुडाला छान ऊब. जानेवारीत मिशिगनमध्ये याहून मोठं सुख नाही.

एकदा डोरोथीबाई त्याच बसमध्ये चढल्या. मला मागे पाहिलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मिस्टर माने! पुढे या!"

आदल्याच मंगळवारी त्यांनी सांगितलं होतं. त्या लहान असताना दक्षिणेत राहायच्या. तिथे काळ्यांनी बसमध्ये मागेच बसायचं असा कायदा होता. लोकांनी बसवरच बहिष्कार घातला. बाईंची आई महिनेच्या महिने कामाला चालत गेली, टाचा फुटल्या, पण बसमध्ये पाय ठेवला नाही.

"माझी आई त्या पुढच्या सीटसाठी चालली," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही मागे बसता?"

एव्हाना मला तोडकंमोडकं इंग्लिश यायचं. मी म्हटलं, "मागे हॉट. मी लाइक."

"पुढे या!"

"बाई, तुमची आई चालली. व्हाय? पुढे बसायला? की पाहिजे तिथे बसायला?"

बाई दांडी धरून उभ्या राहिल्या. बस दोन स्टॉप पुढे गेली. मग तरातरा मागे आल्या, माझ्या शेजारी धप्पकन बसल्या. थोड्या वेळाने कोट सैल केला.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" म्हणाल्या. "इथे खरंच ऊब आहे!"

* * *

एका मंगळवारी नावांचा विषय निघाला. गुलामांना मालक आपल्या मर्जीने नाव द्यायचा. विकला की नवा मालक, नवं नाव. अशा माणसांनी पुढे स्वतःच्या कहाण्या लिहिल्या, त्यातलं बाई वाचून दाखवत. बाईंचे पणजोबा गुलामीतून सुटले तेव्हा त्यांनी आधी काय केलं? तर स्वतःचं नाव स्वतः ठेवलं, शेताच्या मधोमध उभं राहून ते मोठ्याने ओरडले. ऐकायला एक गाय होती फक्त.

मग बाईंनी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला हॉस्पिटलमध्ये सगळे डॉक्टर फ्रेड म्हणायचे. हे नाव कुणी दिलं?"

"मीच घेतलं. फडके कुणाला म्हणता येईना."

"मालकाने न सांगता?"

डॉक्टरांचा ऑपरेशन थिएटरवाला आवाज गेला. हे त्यांनी आम्हाला भाषांतर करून सांगितलंच नाही, पण आम्हाला कळलं.

बाई हट्टाला पेटल्या. "आजपासून या खोलीत फ्रेड नाही." सगळ्या वर्गाकडून घोकून घेतलं. एक चिनी आजोबा होते, तेसुद्धा शिकले. फक्त बाईंची जीभ वळेना. फॅडकी म्हणाल्या, फुडकू म्हणाल्या. एकदा असं काही म्हणाल्या की शेवंताने कानावर हात ठेवले.

शेवटी डॉक्टरांनी हात जोडले. "बाई, फ्रेड चालेल!"

* * *

त्याच दिवशी बाईंच्या लक्षात आलं की शेवंता मला नावाने हाक मारत नाही. "अहो" म्हणते, "ऐकलं का" म्हणते. डॉक्टरांनी समजावलं, "आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

बाई ताडकन उठल्या. "हा नियम कुणी केला? पुरुषांनी?"

मी छताकडे बघितलं.

शेवंता शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, बाईंना सांगा. नियम कुणाचा का असेना, नाव माझ्याकडे आहे. ठेवणीतल्या लुगड्यासारखं. कधी काढायचं ते मी ठरवीन."

डॉक्टरांना लुगडं आणि ठेवण यांचं भाषांतर जमायला पाच मिनिटं लागली. बाई खाली बसल्या. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही त्यांनी.

* * *

माझा इंटरव्ह्यू आधी झाला, डेट्रॉइटला. साहेबाने विचारलं, "देशावर वेळ आली तर हातात बंदूक घ्याल?"

मी म्हटलं, "घेईन. पण माझे डोळे वीक. गोळी कुणाला लागेल, नो गॅरंटी."

"मग बंदुकीशिवाय दुसरी काही मदत?"

"आर्मीचं सगळं दळण देईन दळून."

साहेब हसला आणि मी पास!

शेवंताचा इंटरव्ह्यू त्यानंतर. उत्तरं माझ्यापेक्षा तिची पाठ. रात्रंदिवस घोकायची, भाकरी थापताना राज्यांची नावं. आक्काला फोनवर सांगूनसुद्धा मोकळी झाली होती, "दिवाळीला येते, ते पुढच्या दिवाळीपर्यंत."

आत गेली आणि अर्ध्या तासात बाहेर. नापास!

झालं काय, तर साहेबाने सुरुवातीलाच विचारलं, "नवऱ्याचं नाव?" हिची मान खाली. त्याने पुन्हा विचारलं. हिने दाराकडे बोट केलं, "आउटसाइड." तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, "यू हॅव पेपर. यू रीड!" साहेबाला वाटलं, बाईला इंग्लिश समजत नाही. तिथून जी ती गडबडली, ती पाठ झालेलंही विसरली.

गाडीत मी ओरडलो. "एक नाव घ्यायला काय झालं होतं?"

"तोंडच उघडेना हो," ती म्हणाली. "आणि परक्या माणसाने दरडावून मागावं आणि मी द्यावं?"

आता एकच चान्स उरला होता. तोही गेला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. आक्का तोवर राहते की जाते, कोण सांगणार? घरी आल्यावर हिने आक्काला फोन केला नाही. फोनजवळ नुसती बसून राहिली. तेव्हा मीही ओरडायचं थांबवलं.

* * *

तोड सुचवली डॉक्टरांनी. "वहिनी, तुम्ही लग्नात नाव घेतलंच असेल ना? तसंच घ्या. उखाण्यात!"

डोरोथीबाईंना उखाणा म्हणजे काय ते सांगितलं. दोन ओळींचं गाणं जुळवायचं, त्यात नवऱ्याचं नाव अलगद बसवायचं, मग चालतं. बाईंचे डोळे चमकले. "म्हणजे नाव घ्यायचं, पण आपल्या अटीवर! ऐकू दे."

शेवंता उभी राहिली, पदर सारखा केला.

"आठ महिने बर्फ आणि चार महिने ऊन,
दत्तोबांचं नाव घेते मान्यांची सून!"

अख्ख्या वर्गाच्या टाळ्या! चिनी आजोबा तर उभे राहिले. बाई म्हणाल्या, "मीपण घेणार." त्यांचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. डोळे मिटून जरा जुळवाजुळव केली आणि इंग्लिशमध्ये ठोकून दिलं. डॉक्टरांनी जमेल तसं मराठीत आणलं:

"ओव्हनमध्ये कॉर्नब्रेड, टेबलावर जॅम,
चर्चमध्ये घोरायचा माझा सॅम!"

आम्ही सगळे हसलो. बाईही हसल्या. मग बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. शेवंता उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. भाषांतराला कुणाला बोलावलं नाही.

* * *

दुसऱ्या इंटरव्ह्यूला डॉक्टर गाडी घेऊन आले, डोरोथीबाई न बोलावता आल्या. आम्ही तिघं बाहेर बाकावर. आत काय झालं ते हिनेच नंतर सांगितलं.

साहेब तरणा पोरगा होता. पहिलाच प्रश्न, "हजबंडचं नाव?"

ही म्हणाली, "वेट." खुर्चीवरून उठली, पदर सारखा केला आणि बर्फाचा उखाणा खणखणीत म्हटला.

साहेब बघतच राहिला. "अगेन, प्लीज?"

"अगेन? अगेनला न्यू लागतो!" म्हणाली आणि उभ्या उभ्या नवा जुळवला:

"काचेच्या हापिसात साहेब बसलाय टेचात,
दत्तोबांचं नाव घेते, सापडले पेचात!"

साहेबाने शेजारच्या खोलीतल्या बाईला बोलावलं, ऐकायला. तिच्यासाठी तिसरा झाला. मग इतिहास. इंग्रजांविरुद्ध लोक का लढले? ही म्हणाली, "टॅक्स. टी इन सी. व्हेरी बॅड!"

आम्हाला बाहेर यातलं काही ठाऊक नाही. आतून नुसते हसण्याचे आवाज. डॉक्टर घड्याळ बघत होते, बाई डोळे मिटून पुटपुटत होत्या.

दार उघडलं. शेवंता बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. सावकाश चालत आली, बाकावर माझ्या शेजारी बसली, चपला काढल्या, पाय लांब केले.

मी म्हटलं, "अगं, झालं काय? बोल की!"

हॉल माणसांनी भरलेला. ही समोर बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"दत्तोबा, पाणी आण."

डॉक्टर बुटाची लेस बांधायला वाकले. डोरोथीबाईंना भाषांतर लागलं नाही.

कागदी ग्लास कुठे ठेवलेत ते मला माहीत नव्हतं. शोधले.